उजव्या कानाशी

१

त्या घरात दुपारी तीन वाजता वाचन असे. घर म्हणजे दृष्टी गेलेल्या म्हाताऱ्या माणसांचं घर. बत्तीस खाटा, दोन लांबलचक खोल्या, मध्ये काचेच्या खिडक्यांची पडवी, आणि धरून चालायला सगळ्या भिंतींना कमरेच्या उंचीवर लाकडी दांडी. इथली माणसं उतारवयात आंधळी झालेली, त्यामुळे ठिपक्यांची लिपी शिकायच्या भानगडीत कुणी पडलं नव्हतं. कुणाचं पत्र आलं की ते वाचून दाखवायला एक बाई नेमलेली होती. तीस वर्षं ते काम एकाच बाईने केलं. तिला सगळे मोठ्या बाई म्हणत. चार महिन्यांपूर्वी त्या गेल्या आणि महिन्याभराने त्यांची मुलगी त्या जागेवर आली. तिचं नाव पहिल्याच दिवशी धाकट्या बाई पडलं. तिला कुणी विचारलं नाही.

धाकटी बेचाळीस वर्षांची होती, आणि अंगात बारीक ताप मुरलेला असावा तसा तिचा राग कायम असे. पहिल्या दिवशी चौदा जणांनी तिचा हात हातात घेऊन सांगितलं, "आईच्या पावलावर पाऊल टाकलंस हो!" चौदाव्या वेळेपर्यंत तिच्या दातावर दात बसले होते.

कारण आईची पावलं कुठे कुठे पडली होती हे तिला एकटीलाच ठाऊक होतं. ती सात वर्षांची असताना तिचे वडील कामासाठी दूरच्या शहरात गेले. दर महिन्याला त्यांचं पत्र यायचं आणि आई ते मांडीवर घेऊन वाचून दाखवायची. बाबा तुझी आठवण काढतात, बाबांनी तुझ्यासाठी निळा फ्रॉक बघून ठेवलाय, बाबा पुढच्या सुट्टीत नक्की. अशी सात वर्षं. आई गेल्यावर ट्रंकेत ती पत्रं सापडली. सगळी मिळून अकरा. तिचा उल्लेख एकाच पत्रात होता: "मी परत येणार नाही. मुलीला काय सांगायचं ते तुझं तू ठरव." त्यावरची तारीख ती आठ वर्षांची असतानाची होती. म्हणजे पुढली सहा वर्षं ती दाराकडे डोळे लावून बसली ते आईने मनाने रचलेल्या ओळींवर.

इथे आल्यावर तिला कळलं की आईने हे घरापुरतं ठेवलं नव्हतं. मोठ्या बाई पत्रं आधी टपालाच्या खोलीत एकट्या बसून वाचत आणि मग पडवीत येऊन काय वाचायचं ते ठरवत. मरण आलं की त्या त्याचा प्रवास करत, भांडण आलं की त्याची गंमत करत. लोक खूश. तीस वर्षांत घरात एकदाही रडारड झाली नाही, असं व्यवस्थापक छाती फुगवून सांगत.

धाकटीने पहिल्याच दिवशी ही पद्धत मोडली. पाकीट ज्याचं त्याच्या कानाशी धरायचं, तिथेच फाडायचं, म्हणजे आधी कुणी बघितलेलं नाही हे त्याला ऐकू येईल. आणि जे लिहिलंय ते वाचायचं. काना-मात्रेचा फरक नाही. दुःख ज्याचं त्याला मिळालं पाहिजे. ते मध्येच उचलून ठेवणारी मी कोण, असं तिचं सरळ म्हणणं होतं.

तीन महिने असे गेले. तिने कुणाला दिवाळखोरी वाचून दाखवली, कुणाला मुलीचा घटस्फोट, कुणाला भावाचं मरण. कुणी रडलं नाही. तिला वाटलं, बघा, माणसं पोलादाची असतात. उगाच आई त्यांना लहान मुलं समजत होती.

२

मास्तर पडवीत दारालगतच्या खुर्चीत बसत. चाळीस वर्षं शाळेत मुलांना धारेवर धरलेला माणूस. त्यांच्याकडे बोलतं घड्याळ होतं. खटका दाबला की एक बाई त्यातून वेळ सांगायची, आणि मास्तर दिवसातून शंभरदा तो दाबायचे. ते घड्याळ तळ्यात टाकायची धमकी निम्म्या घराने दिलेली होती.

एका सोमवारी मास्तरांच्या पुतण्याचं कार्ड आलं. तीन ओळी. "या सुट्टीत तुम्हाला आणता येणार नाही. तुमची खोली भाड्याने दिली आहे. सामान हलवलं आहे." धाकटीने ते सरळ वाचलं. अर्धं मिनिटही लागलं नसेल.

मास्तर समाधानाने मागे रेलले आणि त्यांनी खटका दाबला. घड्याळातली बाई म्हणाली, "तीन वाजून पंचवीस मिनिटे."

"सुरू केलंस तेव्हा तीन वाजून दहा होते," मास्तर म्हणाले. "पंधरा मिनिटं. आईवर गेलीस अगदी."

"मास्तर, थट्टा पुरे. तीन ओळींचं कार्ड आहे."

"असेल बाई. पण छान वाचलंस. धाकट्या नातीला दोन दात आले, हे ऐकून बरं वाटलं."

धाकटीने कार्ड उलटून पाहिलं. दात नव्हते. नात नव्हती. तिने समोरच्या भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. तीन पंचवीस. मग तिला जाणवलं की आपला घसा कोरडा पडलाय. खूप वेळ बोलल्यावर पडतो तसा.

"हे कधीपासून?" तिने विचारलं.

"काय कधीपासून?"

"पंधरा मिनिटं."

"पहिल्या दिवसापासून," मास्तर म्हणाले. "कधी पंधरा, कधी वीस. का गं?"

ती उठली, नळावर गेली, दोन पेले पाणी प्याली. रात्री झोप झाली नव्हती, जेवण जड झालं होतं, म्हाताऱ्याचं घड्याळ बिघडलेलं होतं आणि भिंतीवरचंही. एकाच वेळी दोन घड्याळं बिघडू शकतात. का नाही बिघडणार? असं तिने स्वतःला चांगलं दरडावून सांगितलं.

३

मंगळवारी तिने मांडीवर फोन ठेवला आणि आवाज नोंदवायचं बटण दाबलं. चार पत्रं होती. तिच्या अंदाजाने सगळं दहा मिनिटांत आटोपलं.

टपालाच्या खोलीत दार लावून तिने फोन पाहिला. नोंद एक्कावन्न मिनिटांची होती.

तिने ती सुरू केली. आधी पाकीट फाटल्याचा आवाज. मग तिचा स्वतःचा आवाज, तिला कधीच न आवडलेला, कोरडा, घाईचा. पहिलं वाक्य संपलं. मग थोडी शांतता. कुणीतरी कागद जरा दूर धरून डोळे बारीक करत असावं इतकी. आणि मग वाचन पुढे सुरू झालं. सावकाश, ऊबदार. प्रत्येक बातमीआधी "पुढे काय म्हणतात बघा हं," असं म्हणत.

खुर्ची तीच करकरत होती. हातातलं कडं तेच वाजत होतं. तोंड तिचंच होतं यात शंका नव्हती. फक्त बोलत होती ती आई.

तिने फोन पालथा घातला. भीती वाटायला हवी होती, पण तळपायाची आग मस्तकात गेली. "मेल्यावरसुद्धा?" ती भिंतीला म्हणाली. "तिथेही तुला चैन नाही?"

ती बेसिनपाशी गेली आणि चूळ भरली. मग पुन्हा भरली. तिसऱ्यांदा भरताना तिच्या लक्षात आलं की आपण तोंड विसळतोय, जणू आत काही चिकटून राहिलंय. मग तिने नळ बंद केला. सवय, ती स्वतःशी म्हणाली. लहानपणापासून कानात बसलेली लकब. माणूस दमला की त्याची जीभ जुन्या वाटेने जाते. यात काय एवढं? पण सवयीने माणूस एक्कावन्न मिनिटं गायब होत नाही, हेही तिला कळत होतं.

४

त्याच दिवशी संध्याकाळच्या टपालात कोपऱ्यातल्या आजींचं पाकीट होतं. पाकिटावर जाड शाईत "तातडीचं" लिहिलेलं. धाकटीने तीन महिन्यांत पहिल्यांदा स्वतःचा नियम मोडला आणि ते एकटीने उघडलं.

कोपऱ्यातल्या आजी एक्क्याऐंशीच्या. डोळे गेलेले, डावा कान ठार बहिरा, उजवा चालायचा पण अगदी त्याला तोंड लावून बोललं तर. तेही कुणाचंही नाही. एकोणीस वर्षं त्या उजव्या कानाला मोठ्या बाईंच्या आवाजाची सवय. बाकीच्यांचं बोलणं त्यांना नुसतं गुणगुण वाटायचं. धाकटीचं मात्र पहिल्या दिवसापासून लागायचं. "आईचाच गळा," आजी म्हणाल्या होत्या.

पत्र सुनेचं होतं.

"हे तिसरं पत्र. पहिल्यात यांचा आजार कळवला, दुसऱ्यात ऑपरेशन. दोन्हींना आईंकडून उत्तर नाही. हे रोज विचारतात, आई का आली नाही. आता थोडे दिवस राहिलेत. शनिवार दिसेल असं डॉक्टर म्हणत नाहीत. आईंचा काही राग असेल तर माझ्यावर असू द्या, पण त्यांना घेऊन या. मी यांना सोडून येऊ शकत नाही." खाली फोन नंबर.

धाकटी थेट कोपऱ्यातल्या खाटेपाशी गेली आणि उशी उचलली. आजी पत्रं उशाखाली जपून ठेवत. आधीची दोन्ही सापडली. नीट उघडलेली, नीट घडी घातलेली. दोन्ही आईच्या वेळची.

"आजी," तिने कानाशी तोंड नेऊन विचारलं, "ही पत्रं कसली?"

"माझ्या लेकाची," आजी खुशीत म्हणाल्या. "बढती मिळाली त्याला. मग दुसरं, नव्या घराला रंग देतायत म्हणून. कामात असतो बिचारा. येईल सवडीने."

धाकटीला वाटलं, आत्ता समोर आई असती तर आपण तिच्यावर हात उचलला असता.

व्यवस्थापक कपाटाच्या चाव्या मोजत होते. त्यांनी पत्र वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"वाईट झालं," ते म्हणाले. "पण आपल्याकडे तुमच्या आईंची एक पद्धत होती."

"पद्धत गेली चुलीत. एका आईला तिचा मुलगा मरताना भेटू द्यायचं नाही, ही पद्धत?"

"आवाज कमी करा. मग सांगा ना त्यांना. वाचणं तुमचंच काम आहे."

"या वेळी तुम्ही सांगा."

"माझं त्यांना ऐकू येतं का कधी?" त्यांनी हात पसरले. "आणि त्यांनी स्वतः म्हटल्याशिवाय मी कुणाला दाराबाहेर सोडत नाही. नियम आहे."

आणि ते चाव्यांकडे वळले. असे हात झटकणारे लोक पाहिले की धाकटीची कानशिलं तापायची. पण त्यांच्या बोलण्यात एक गोष्ट खरी होती. आजींना ऐकू जाईल असं या घरात तोंड एकच होतं, आणि ते तिचं होतं.

५

बुधवारी सकाळी वाचनाची वेळ नव्हती, कागद हातात नव्हता. तिने ठरवलं, पत्र नकोच. आपलं आपण बोलायचं. चार शब्द.

ती आजींच्या उजवीकडे बसली, कानाशी वाकली आणि म्हणाली, "तुमचा मुलगा आजारी आहे."

आजी हसल्या. "अस्सं? आंब्याचं झाड एवढं मोठं झालं इतक्यात? त्याला मेल्याला लहानपणापासून मातीचा नाद."

धाकटीने त्यांचे खांदे धरले. "आजारी आहे. तो जाणार आहे. मरणार आहे." एकेक शब्द दातांनी तोडून ती बोलली. आपल्या ओठांची हालचाल तिला समजत होती. त्या शब्दांचीच होती.

"सांग त्याला, फार पाणी घालू नको म्हणावं," आजी म्हणाल्या.

मग तिने फोन काढला आणि सुनेला लावला. सुनेने दुसऱ्याच घंटेला उचलला.

"मी आजींजवळ बसलेय," धाकटी म्हणाली. "त्यांना फोनवरचं ऐकू येत नाही. तुम्ही बोला, मी शब्दन् शब्द त्यांच्या कानात सांगते. आणि तुम्ही ऐकत राहा."

"आईंना सांगा," सुनेचा आवाज फाटला, "हे दोन दिवसांपासून काही खात नाहीत. नुसती त्यांची वाट बघतायत."

धाकटी आजींच्या कानाशी वाकली आणि तिने ते सांगितलं. आजींचा चेहरा उजळला.

फोनमधून सून किंचाळली, "काय बोलताय तुम्ही त्यांना?"

"तुम्ही सांगितलंत तेच."

"मी? मी म्हटलं की त्यांची भूक वाढलीये? मी म्हटलं की बागेत झाडं लावतायत? अहो, आमच्याकडे बाग नाही! माझा नवरा इथे विझत चाललाय आणि तुम्ही त्यांना गोष्टी सांगताय? कोण आहात कोण तुम्ही? लाज नाही वाटत?"

"मी हे बोललेच नाही," धाकटी म्हणाली.

"मी आत्ता ऐकलं! इतकं गोड बोलत होतात! आणि माझ्याशी मात्र हा आवाज?"

फोन बंद झाला. धाकटी तो हातात धरून बसून राहिली. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिच्यावर अगदी तिच्यासारखं चिडलं होतं, आणि ते रास्त होतं.

६

"मास्तर, तुम्हाला माहीत होतं?"

दुपारी पडवीत दोघंच होती. ऊन काचेतून त्यांच्या पायांवर आलं होतं.

"काय?"

"आई खोटं वाचायची ते."

मास्तरांनी सवयीने खटका दाबला, वेळ ऐकली आणि घड्याळ खिशात टाकलं. "आम्ही आंधळे आहोत बाई, मूर्ख नाही. पोस्टकार्डावर पंधरा मिनिटांचा मजकूर मावतो होय? आम्हा सगळ्यांना माहीत होतं."

"मग कुणी बोललं का नाही?"

"का बोलावं? तेवढीच एक गोष्ट चांगली होती दिवसात." ते जरा पुढे झुकले. "ती गेली तेव्हा आम्ही इथेच बसलो होतो. तुझी वाट बघत. तू पहिलं पाकीट फाडलंस ना, तेव्हा कुणाचा श्वास म्हणून ऐकू येत नव्हता. सगळे एकच मागत होते मनात. मग तू वाचायला लागलीस आणि आम्ही सुटलो."

"काय मागत होते?"

मास्तरांची मान हळूहळू उजवीकडे कलली, तिच्यापासून उलट्या बाजूला. चेहऱ्यावर एक सुखाची सुस्ती पसरली. "हं," ते पुटपुटले. "अस्सं का?"

त्यांच्या उजवीकडे रिकामी खुर्ची होती. धाकटीचं तोंड घट्ट मिटलेलं होतं.

ती ताडकन उठली. आता तिला पुरतं कळलं होतं की सांगण्यात काही अर्थ नाही. पण न सांगता माणसाला उचलून तर नेता येतं? पाय आईचे नव्हते. हातही नव्हते.

७

गुरुवारी सकाळी भाड्याची गाडी दारात उभी राहिली. धाकटीने आजींच्या अंगावर शाल टाकली, चपला चढवल्या, काठी हातात दिली. एक शब्दही बोलली नाही. ओठ आतल्या आत दाबून ठेवले होते.

व्यवस्थापक धावत आले. "हे काय चाललंय? आजींची संमती?"

आजींना त्यांचं ऐकू येण्याचा प्रश्न नव्हता. पण त्यांनीच हसून मान वळवली. "हवा पालटायला निघालोय," त्या म्हणाल्या. "बाईंनी आत्ताच सांगितलं."

व्यवस्थापकांनी धाकटीकडे पाहिलं. तिने मानेनेच नाही म्हटलं. पण आजींनी स्वतः म्हटलं होतं, नियमात बसत होतं, आणि त्यांना तेवढंच हवं होतं. ते बाजूला झाले.

अडीच तासांचा रस्ता. आजी खिडकीशी होत्या, उजवा कान काचेकडे. धाकटी त्यांच्या डावीकडे, बहिऱ्या बाजूला, मुद्दामच. कारखान्यांची धुराडी गेली, पूल गेला, शहर सुरू झालं. आजी सबंध रस्ताभर काचेकडे कान देऊन होत्या. मध्येच "हो का?" म्हणत, मध्येच हसत. एकदा त्यांनी विचारलं, "आणि पोरं केवढी झाली?" आणि मग बराच वेळ उत्तर ऐकत राहिल्या.

चालक आरशातून बघत होता. "म्हातारी स्वतःशीच बोलते वाटतं?" तो म्हणाला.

धाकटीने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने आरसा फिरवला. काचेवर आजींच्या कानाजवळ वाफेचा एक छोटा गोल उमटत होता आणि विरत होता. आजींचं तोंड दुसरीकडे होतं. धाकटीने तिकडे दोनदाच पाहिलं, आणि मग स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहत राहिली.

८

सुनेने दार उघडलं. धाकटीला ती एका शब्दाने बोलली नाही. सासूचा हात धरून तिने त्यांना आतल्या खोलीत नेलं.

खोली लहान होती. खिडकीशी खाट, औषधांचं टेबल, खाटेकडे तोंड करून भिंतीलगतच्या कोपऱ्यात कशीबशी मावणारी एक खुर्ची. खाटेवर पन्नाशीचा माणूस सत्तरीचा होऊन पडला होता. तो जिवंत होता. आईला दारात पाहून त्याने मान उचलायचा प्रयत्न केला आणि त्याला जमलं नाही.

आजींना खुर्चीत बसवलं. त्यांच्या उजवीकडे भिंत होती, भिंतीत आणि खुर्चीत वीतभर जागा. धाकटी डावीकडे उभी राहिली.

"आई," तो माणूस म्हणाला. खोलीतल्या इतरांनाही तो आवाज जेमतेम ऐकू आला. त्याने धाकटीकडे पाहिलं. "तुम्हीच ना वाचून दाखवता? तिला सांगा. मी दोनदा बोलावलं, ती आली नाही, म्हणून मी रागावलो होतो. आता नाही. मी चाललोय म्हणावं. राग नाही म्हणावं. एवढंच."

सूनही तिच्याकडे बघत होती. इतका वेळ कोंडलेला सगळा तिरस्कार त्या नजरेत होता. सांगा ना आता, खरं सांगा, असं ती नजर म्हणत होती.

धाकटीने वाकून तोंड उघडलं. जीभ हलकेच टाळूला लागली, मऊ, सावकाश. पहिला शब्द तिथे तयारच होता आणि तो तिचा नव्हता. तिने तोंड मिटलं. ओठ दातात धरला तो रक्त येईपर्यंत सोडला नाही. मग तिने आजींचा हात उचलला आणि त्यांच्या मुलाच्या चेहऱ्यावर ठेवला.

हात आधी थबकला, आणि मग चालू लागला. गालावरून, जिथे गाल उरला नव्हता. डोळ्यांच्या खोबणीत. हनुवटीवर, गळ्याच्या हाडांवर, खांद्यावर. पुन्हा गालावर. आजींचा चेहरा बदलत गेला. तोंड उघडं पडलं. "अरे," त्या म्हणाल्या. "अरे, हे काय?"

त्यांना कळत होतं. धाकटीच्या छातीतून इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळा श्वास निघाला.

आणि मग आजींची मान उजवीकडे कलली.

भिंतीकडे. कानाजवळच्या पांढऱ्या बटा हळूच हलल्या, थांबल्या, पुन्हा हलल्या. खिडकी बंद होती. आजी ऐकत होत्या. कपाळावरच्या आठ्या एकेक करून उलगडल्या, ओठांच्या कोपऱ्यात हसू यायला लागलं, आणि मुलाच्या गालावरचा हात सैल पडून मागे सरकू लागला. खाटेवरचा माणूस त्या हाताकडे बघत होता.

"नाही!" धाकटी ओरडली. तिने डाव्या हाताने आजींचा सरकता हात पकडून परत त्याच्या गालावर दाबला, आणि उजवा हात आजींच्या पाठीमागून नेऊन त्यांच्या उजव्या कानावर पंजा घट्ट बसवला.

तिच्या हाताच्या पाठीला ओठ लागले.

ऊबदार, कोरडे, म्हाताऱ्या बाईचे. हलत होते. घाई नाही, राग नाही. मध्ये हात आलाय हे त्या ओठांना समजलंच नसावं किंवा समजूनही त्याचं काही वाटत नसावं. एक वाक्य, थोडी विश्रांती, दुसरं वाक्य. धाकटीने तिकडे पाहिलं नाही. तिला त्या वीतभर जागेत कुणाच्या तरी केसांची कड दिसत होती, डोळ्यांच्या अगदी टोकाला, आणि तिने मान वळवली नाही.

"किती वाळलास रे!" आजी म्हणाल्या. हसू गेलं होतं. दोन्ही हातांनी त्या मुलाचा चेहरा चाचपत होत्या, आणि एका हाताबरोबर त्यांनी धाकटीची बोटंही गच्च धरली होती. "किती वाळलास! मला कुणी सांगितलं का नाही? मला कुणी काहीच कसं सांगितलं नाही?" आणि त्या मोठ्याने रडू लागल्या. मुलगाही रडत होता. सून खाटेच्या पायथ्याशी खाली बसली.

धाकटी तशीच वाकून उभी राहिली. पाठीला रग लागली, खांदा भरून आला. हाताच्या पाठीवरचे ओठ थांबत नव्हते. ते आता बोटांच्या फटी शोधत होते. दोन बोटांमधून ऊन श्वास आत जात होता, आणि आजींच्या रडण्यात मध्येच एक हुंदका चुकत होता. जरासं बोट हललं असतं तरी पुरलं असतं.

"आई, पुरे," धाकटी म्हणाली. आवाज तिचाच निघाला, कोरडा, भांडखोर, ओठातल्या रक्ताने ओला. "तीस वर्षं झाली. हिला सोड. वाचल्याशिवाय राहवतच नसेल तर मला वाच. मी ऐकते. काय रचायचंय ते रच. पण हिला सोड."

सुनेने दचकून वर पाहिलं.

ओठ थांबले. काही क्षण ते नुसते टेकून राहिले, आणि मग हाताच्या पाठीवर गार हवा लागली. खाटेवर दोघं मायलेकरं एकमेकांना धरून रडत होती आणि त्यांच्यामध्ये कुणी बोलत नव्हतं.

धाकटीच्या मागे काहीतरी सरकलं. तिच्या उजव्या खांद्याशी कुणीतरी जवळ येऊन नीट बसलं, आणि तिच्या कानाशी एक लांब श्वास घेतला गेला.

तिचा एक हात आजींच्या मुठीत होता, दुसरा त्यांच्या कानावर. तिने तो काढला नाही.